एका हाताने उघडणारं

पक्कड हातातून सुटली हे मला कानाने कळलं. पाचव्या मजल्यावर लिफ्टचं बाहेरचं दार उघडं टाकून मी उंबऱ्यावर गुडघे टेकून बसलो होतो, केबिन वर आठव्यावर बंद करून ठेवलेली, आणि दाराच्या कुलपाचा रोलर सैल झाला होता तो आवळत होतो. म्हणजे आवळतोय असं मला वाटत होतं. उजव्या हातात पक्कड आहे, अंगठा आणि दोन बोटं तिच्यावर आहेत, असं डोकं सांगत होतं, आणि खालून, तिसऱ्या मजल्याच्या आसपास कुठेतरी, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग आणखी एक, बारीक. मग अगदी तळातून एक दबका. मी हाताकडे पाहिलं. बोटं पक्कड धरल्यासारखी वाकलेलीच होती. तळातल्या खड्ड्यात माझा मेहुणा होता, बायकोचा पाठचा भाऊ, केबिनला तळाशी झेलणाऱ्या स्प्रिंगला ग्रीस लावत. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचेना. मग त्याचाच आवाज वर आला, ‘भाऊजी, तुमची पक्कड,’ अगदी विसरलेली छत्री आणून द्यावी तसा. ‘लागलं का रे?’ ‘नाही. बाजूला पडली.’ मी जिन्याने पाच मजले उतरलो आणि तळमजल्याच्या दारातून खड्ड्यात डोकावून पाहिलं. खड्ड्याच्या मधोमध, स्प्रिंगला लागून, सिमेंटचा टवका उडाला होता. ग्रीस लावणारा माणूस नेमका तिथेच उभा राहतो. मेहुणा म्हणाला, तेवढ्यात टॉर्च घ्यायला कोपऱ्यात गेलो होतो. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आम्ही दोघंही म्हणालो, आणि त्या दिवशी आणखी सहा लिफ्टा बाकी होत्या म्हणून निघालो.

ती नुसती पक्कड नव्हती. मिटवली की मुठीत मावणारं, उघडलं की पक्कड होणारं, आणि दोन्ही मुठींच्या पोटात सुरी, पेचकस, कानस दडवलेलं हत्यार होतं ते. दुकानातले लोक त्याला मल्टिटूल म्हणतात, आम्ही पक्कड म्हणतो. बावीस वर्षं रोज सकाळी पॅंटबरोबर ते उजव्या खिशात गेलं होतं, लग्नकार्याला जातानासुद्धा. आता त्याचा एक जबडा मोडला होता. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, मोडणारच, किती जुनं होतं, उद्यापर्यंत नवीन घ्या आणि पावती द्या. ती पाच मजले खाली पडली हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना विचारावं लागलं असतं की वर काम चालू असताना खाली माणूस कसा, कारण तसा नियम आहे, भिंतीवर लावलेला आहे, आणि तो पाळला तर दिवसात अकरा लिफ्टा होत नाहीत हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. नियम भिंतीवर, आम्ही कामावर. पण सांगितलं नाही त्याचं खरं कारण हे नव्हतं.

खरं कारण आठ महिन्यांचं होतं. पहिल्यांदा ते शर्टाची बटणं लावताना झालं. बटण बोटांत आहे हे दिसत होतं आणि जाणवत नव्हतं. मुंग्या येतात तसं नाही. मुंग्या निदान असतात. इथे काहीच नव्हतं, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचा हात कुणीतरी उसना नेल्यासारखा. हात झटकला, नळाखाली धरला, की दहा मिनिटांनी परत यायचा. मग आठवड्यातून एकदा व्हायला लागलं, मग एक दिवसाआड. वाकून, मनगट मुरगाळून काम केलं की हमखास, आणि आमचं सगळं काम वाकून आणि मनगट मुरगाळूनच असतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. डॉक्टर कागद लिहिणार, कागद ऑफिसात जाणार, आणि ऑफिस मला कंट्रोलरूममध्ये बसवणार. ज्याचं शरीर कामातून गेलं त्याला आमच्याकडे तिथे बसवतात. कानाला हेडफोन, समोर भिंत, आणि कुठल्यातरी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला सांगायचं, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. माझा एक जुना जोडीदार गुडघे गेल्यावर तिथे गेला. दिवसातून साठ वेळा हे वाक्य म्हणतो. परवा रस्त्यात भेटला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि निरोप घेताना मलाही म्हणाला, घाबरू नका. मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू उतरलं होतं. म्हणून मी आठ महिने गप्प होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मला झाकलेली आहे की उघडी तेच कळत नव्हतं.

मेहुण्याला या कामात मीच आणलं. एकोणीस वर्षांपूर्वी तो तीन नोकऱ्या सोडून घरी बसला होता आणि बायको रोज जेवताना विषय काढायची, बाबूला तुमच्या हाताखाली घ्या ना. घेतला. पहिल्या दिवशी मी त्याला तेच दाखवलं जे मला माझ्या मिस्त्रीने दाखवलं होतं. आमच्या धंद्यात ही पद्धतच आहे. रंगाचा रिकामा डबा खड्ड्यात उपडा ठेवायचा, नवख्याला तळमजल्याच्या दाराबाहेर उभं करायचं, आणि वरच्या मजल्यावरून अर्ध्या इंचाचा एक नट सोडायचा. नट डब्यातून आरपार जातो. मग खाली येऊन डबा त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, हे तुझं डोकं. माझ्या मिस्त्रीने म्हटलं तेव्हा मला हसू आलं होतं. मेहुणा हसला नाही. त्याने भोकातून बोट घालून बघितलं आणि विचारलं, ‘आणि वर तुम्ही असाल तर?’ मी म्हटलं, ‘वर मी असेन तर काही पडणार नाही.’ किती सहज म्हणालो. त्या वयात माणूस आपल्या हातांबद्दल असं बोलतो, जणू ते त्याने स्वतः घडवले आहेत.

तर त्या संध्याकाळी मी हत्यारांच्या दुकानात गेलो. बाजारामागच्या गल्लीत, कुलपांच्या आणि दोरखंडांच्या दुकानांमध्ये ते आहे, आणि ते एक साठीच्या पुढची बाई चालवते. चष्मा दोरीने गळ्यात, काउंटरमागे उंच स्टूल. मी मोडकी पक्कड काचेवर ठेवली आणि म्हणालो, असं एक हवंय. तिने ती उलटीपालटी करून पाहिली, सांध्यावर नख फिरवलं. ‘चांगली वापरलीय,’ ती म्हणाली. ‘असं आता बनत नाही. दुसरं बघू. खिशात ठेवता की पट्ट्याला?’ ‘खिशात.’ ‘काम उभ्याने की बसून?’ ‘गुडघ्यावर.’ ‘मग लांब नको, मांडीला टोचेल. आणि फार जड घेऊ नका. लोक हौसेने घेतात आणि संध्याकाळपर्यंत पॅंट एका बाजूने ओढली जाते, बायको विचारते, चालताय असे का.’ तिने काचेखालून एक ट्रे काढला. त्यात आठदहा होते, काही काळे, काही चकचकीत. एकेक उघडून ती समोर ठेवत गेली. एकात सव्वीस कामं होतात म्हणाली. मी मोजून बघितलं तर माझी चारच होती, पक्कड, चपटा पेचकस, सुरी, कधीमधी कानस. बाकी बावीस मी फुकट वागवणार होतो. एक दातेरी पातं दिसलं. ‘हे कशाला?’ ‘मासे साफ करायला.’ ‘मी लिफ्टचं काम करतो. शाफ्टमध्ये मासे नसतात.’ ‘अजून तरी,’ ती म्हणाली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला ती बाई आवडली. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्याशी फक्त कामाबद्दल बोलत होतं.

निवडायला मला वेळ लागत होता आणि तिला घाई नव्हती. एकाचे जबडे छान मिटायचे, उजेडाकडे धरलं तरी फट दिसत नव्हती, पण मुठी तळहातात बोचायच्या. एकाला स्प्रिंग होती, दाबून सोडलं की आपोआप उघडायचं. बोटांना काम कमी, म्हणून मी ते जास्त वेळ हातात ठेवलं, आणि आपण का ठेवतोय हे कळल्यावर पटकन खाली ठेवलं. दुसऱ्याची सुरी नीट अडकायची नाही, बोटावर मिटेल अशी भीती. हे सगळं मी डोळ्यांनी ठरवत होतो. पूर्वी कुठलंही हत्यार उचललं की हातच आधी सांगायचा, हे आपलं, हे नाही, आणि डोळ्यांना नंतर कळायचं. आता हाताला विचारावं तर तो परक्यासारखा गप्प. मग तिने एक मधल्या मापाचं, करड्या रंगाचं पुढे केलं. ‘हे एका हाताने उघडून बघा. दुसरा हात कायम कुठेतरी अडकलेला असतो ना तुमचा?’ खरं होतं ते. उजव्या हातात घेऊन मी अंगठा सुरीच्या भोकावर ठेवला आणि ढकलला. काही झालं नाही. अंगठा भोकावर आहे की बाजूला तेच मला कळत नव्हतं. पाहिलं तर बाजूला होता. पुन्हा ठेवला. मानेवर घाम आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं तरी मला वाटलं, सगळी गल्ली बघतेय, पन्नाशी उलटलेला माणूस चाकू उघडू शकत नाही. ‘कडक आहे का?’ तिने विचारलं. मी ते डाव्या हातात घेतलं. डाव्याला सगळं जाणवत होतं, धातूचा गारवा, भोकाची कडसुद्धा, पण भोक पलीकडच्या बाजूला होतं आणि अंगठा तिथे पोचत नव्हता. ‘अच्छा, डावरे आहात,’ ती म्हणाली. ‘आधी सांगायचं नाही का?’ आणि मी म्हणालो, ‘हो, डावरा आहे.’

खोटं बोलायला एवढं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. ती स्टुलावरून उतरली, शिडी लावली, वरच्या खणातून एक डबा काढून त्यावरची धूळ पदराने पुसली. डावऱ्यांसाठीचं एकच होतं तिच्याकडे, दोन वर्षं पडून. ‘डावरी माणसं मागतच नाहीत,’ ती म्हणाली, ‘जन्मभर उलट्या हत्यारांवर भागवतात बिचारी.’ मी डाव्या अंगठ्याने ढकललं आणि सुरी टक् करून उघडली. पुन्हा मिटवली, पुन्हा उघडली. मी ते घेतलं. रस्त्याने घरी येताना ते डाव्या खिशात होतं आणि मी खिशातल्या खिशात ते उघडत मिटवत होतो, टक्, टक्, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. डाव्या हाताला शिकवायचं, एवढंच. दोन महिने लागतील, तीन लागतील. उजवा नुसता टेकू म्हणून वापरायचा. कोणाला काही सांगायला नको, कागद नको, हेडफोन नको. नाक्यापर्यंत मी सगळं ठरवून टाकलं. तिथे सिग्नलला थांबलो तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या ठरवण्यात मेहुणा कुठेच नव्हता. त्या तीन महिन्यांत, डावा हात शिकेपर्यंत, खाली खड्ड्यात कोण असणार याचा मी विचारच केला नव्हता. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी बेत बदलला नाही, हेही खरं आहे. माणूस थकला की त्याला लाजेचं ओझंही परवडतं, फक्त आणखी काही बदलायला लावू नका.

घरी बायको मशीनवर बसली होती. ती लोकांच्या कोटांच्या चेन बदलून देते, पॅंटा आखूड करते. मी तिला पक्कड मोडली म्हणून सांगितलं. ‘कशी?’ ‘पडली.’ ‘कोणाला लागलं नाही ना?’ ‘नाही.’ तिने मान वर केली नाही, पण मशीनवरचा पाय थांबवला. मग म्हणाली, ‘जुनी झाली होती.’ जेवताना मी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला, हल्ली उचलतो तसा, आणि तिने भांडी आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली लिफ्ट सहा मजल्यांच्या एका दवाखान्याची होती. जिन्याशी उभं राहून मेहुण्याने ग्रीसचा डबा उघडला आणि विचारलं, ‘नवीन घेतली?’ ‘हो.’ ‘बघू.’ त्याने ती उजव्या हातात घेतली, उघडायला गेला, अडला. ‘उलटी आहे ही.’ ‘डावऱ्यांची आहे. तीच चांगली होती त्यातल्या त्यात.’ त्याने ती मिटवली आणि परत दिली. माझा उजवा हात पुढे होता, पण त्याने ती डाव्या हातात ठेवली. ‘बरी आहे,’ म्हणाला आणि खड्ड्याचं दार उघडायला गेला. मेहुणा कमी बोलतो. बायको म्हणते, लहानपणी तो एवढा बडबडायचा की आई त्याला शेजारी पाठवून द्यायची. माझ्याबरोबर काम करून गप्प झाला असेल. शाफ्टमध्ये आवाज घुमतो, माणसाला आपलंच बोलणं परत ऐकायचा कंटाळा येतो.

मी चौथ्या मजल्यावर गेलो, केबिन सहाव्यावर बंद केली, दार उघडलं आणि गुडघे टेकले. डाव्या खिशातून पक्कड काढली. आणि उघडण्याआधी, का कोण जाणे, मी वाकून खाली पाहिलं. इतक्या वर्षांत मी खाली कधी बघत नाही. कामाकडे बघायचं असतं. तळाला टॉर्चचा उजेड होता. मेहुणा खड्ड्यात उतरला. खड्ड्याच्या मधोमध स्प्रिंग होती, तिला ग्रीस लावायचं होतं, पण तो तिथे गेला नाही. तो कोपऱ्यात गेला, भिंत आणि केबिन ज्यावरून सरकते तो लोखंडी रूळ यांच्या मधल्या बोळकांडीत आडवा शिरला, दंड अंगाशी घेतले आणि उभा राहिला. काही करत नव्हता. नुसता उभा होता, मान खाली घालून, जसा माणूस पाऊस थांबायची वाट बघत वळचणीला उभा राहतो. मी वाट पाहिली. तो हलला नाही. मग कळलं की तोही वाट बघतोय. माझं वरचं काम संपायची.

‘काय करतोयस तिथे?’ मी विचारलं. आवाज खाली जाऊन परत आला.

‘उभा आहे.’

‘स्प्रिंग मध्ये आहे.’

‘तुमचं झालं की लावतो.’

‘कालही असाच उभा होतास?’ मी विचारलं. ‘टॉर्च घ्यायला गेलो होतो म्हणालास.’

मग तो म्हणाला, ‘भाऊजी, खाली या. इथून ओरडून नको.’

मी जिना उतरलो. उतरताना गुडघे दुखत होते आणि मला वाटत होतं, हा जिना आणखी दहाबारा मजले असता तर बरं झालं असतं. तो खड्ड्यातून वर येऊन दाराशी हात पुसत होता. ‘किती दिवस?’ मी विचारलं. ‘सहा महिने होतील,’ तो म्हणाला. ‘तुमचं झाल्याशिवाय मी मध्ये जात नाही. म्हणून वेळ लागतो मला. तुम्ही ओरडता ना, हात चालव म्हणून.’ मी ओरडायचो. रोज ओरडायचो. ‘तुला कसं कळलं?’ त्याने चिंधी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘मला नाही कळलं. ताईने सांगितलं. तुमच्या हातातून पेला पडला म्हणे एकदा, आणि तुम्हाला कळलंच नाही, तुम्ही तोंडाकडे हात नेलात. त्यानंतर ती माझ्याकडे आली होती घरी. म्हणाली, त्यांना यातलं काही बोलू नकोस, त्यांना सहन होणार नाही. तू फक्त भिंतीला लागून उभा राहत जा.’

‘आणि तू ऐकलंस?’

‘मग काय करणार? तुम्हाला सांगू, तुमचा हात गेलाय?’ तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. ‘तुम्ही मला शिकवलंत. काल रात्री ठरवलं होतं सांगायचं. सकाळी ती डाव्या हाताची पक्कड बघितली आणि वाटलं, जाऊ दे, तेही काहीतरी करतायत.’

मला राग यायला हवा होता, निदान बायकोचा. आला नाही. माझ्या डोळ्यांसमोर एवढंच येत राहिलं, की ती चपला घालून भावाच्या घरी गेली असेल, त्याच्या बायकोला काहीतरी कारण सांगितलं असेल, आणि मग सख्ख्या भावाला सांगितलं असेल की मरू नकोस, पण माझ्या नवऱ्याला कळू देऊ नकोस. सहा महिने ती रोज सकाळी आम्हा दोघांना पाठवत होती. दुपारभर दुसऱ्यांच्या कोटांच्या चेनी लावताना तिच्या डोक्यात काय चालत असेल याचा मला अंदाज करवेना. मी स्वतःला सांभाळत होतो असं समजत होतो, आणि मला ही दोघं सांभाळत होती, एक घरात बसून आणि एक भिंतीला चिकटून.

मी खड्ड्यात उतरलो. मेहुण्याला म्हटलं, वर जाऊ नकोस, नुसतं थांब. मी त्या बोळकांडीत शिरून बघितलं. माझ्यासारखा वाळका माणूससुद्धा तिथे सरळ मावत नाही; रुळाचा खिळा बरगडीत येतो आणि श्वास अर्धाच घेता येतो. मेहुणा माझ्या दीडपट आहे. सहा महिने, दिवसाला अकरा. मी बाहेर आलो, चढायला हात वर केला, आणि त्याने काही न विचारता माझं मनगट धरून मला ओढून घेतलं. कुठे धरायचं ते त्याला बरोबर माहीत होतं, बोटांच्या वर, जिथे मला जाणवतं तिथे.

साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, हाताचं, कालचं, वर मी आणि खाली तो असं आम्ही नेहमी काम करतो तेही. ते म्हणाले, काम थांबवा, दोघं ऑफिसला या, डॉक्टरचं बघू. आवाजात दया होती आणि मला ती सोसली. इतका थकलो होतो की कशालाच नाही म्हणायचं बळ नव्हतं. मग बायकोला फोन केला. मी कामाच्या वेळात कधी करत नाही. तिने दुसऱ्याच घंटीला उचलला.

‘अहो, काय झालं?’

‘साहेबांना सांगितलं,’ मी म्हणालो. ‘हाताचं.’

मी थांबलो. मला वाटलं होतं ती म्हणेल बरं केलंत, किंवा आता पुढे काय, किंवा निदान तिला सगळं माहीत होतं हे मला कसं कळलं ते विचारेल.

‘बाबू कुठे उभा आहे?’ तिने विचारलं.

‘इथे,’ मी म्हणालो. ‘माझ्याशेजारी.’

मग ती रडायला लागली. मला शब्द कळेनात, ती काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि मेहुणा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. शेवटी एक वाक्य कळलं. ‘आधी दोघं बाहेर या,’ ती म्हणत होती, ‘आधी बाहेर या तुम्ही.’ आम्ही बाहेरच होतो, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, उन्हात. पण मी तिला येतो म्हणालो.